पाच हुकमी खेळाडूंशिवाय जिंकलेला हंगाम

तळोज्याच्या पेंधर स्थानकावर सकाळच्या मेट्रोत खांद्याला किटबॅग अडकवलेली मुलं चढताना दिसतात. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, मोठा होऊन रणजी कुणाकडून खेळणार? बहुतेकांचं उत्तर येतं, मुंबईकडून. क्रिकेटचा नकाशा मात्र निराळंच सांगतो. तळोजा पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतं आणि रायगडची जिल्हा संघटना पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनशी जोडलेली आहे. हीच मेट्रो जिथे संपते ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, म्हणजे मुंबईच्या हद्दीत. अर्ध्या तासाच्या प्रवासात मुलगा रणजीची सीमा ओलांडतो, आणि त्याला ते ठाऊकही नसतं.

एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ का, हा प्रश्न क्रिकेट बघणाऱ्या प्रत्येक घरात कधी ना कधी निघतो. उत्तर सोपं आहे. क्रिकेटच्या हद्दी राज्यापेक्षा जुन्या आहेत. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला, महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये. स्पर्धा सुरू झाली तेव्हा मुंबई आणि पुण्याच्या संघटना वेगवेगळ्या होत्या आणि नागपूर तर मध्य प्रांतात होतं. पुढे राज्याच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, क्रिकेटच्या तशाच राहिल्या.

याच जुन्या हद्दींमुळे एकदा रणजीची अंतिम लढत मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातच झाली. हंगाम होता १९७०-७१ चा. मुंबईचे पाच हुकमी खेळाडू तेव्हा हजारो मैल दूर, वेस्ट इंडीजमध्ये भारताकडून खेळत होते. कर्णधार अजित वाडेकर, सुनील गावसकर, दिलीप सरदेसाई, एकनाथ सोलकर आणि अशोक मांकड. संघाच्या फलंदाजीचा कणाच निघून गेला होता. तरीही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवलं आणि सलग तेरावं विजेतेपद मिळवलं. पाठोपाठ आणखी दोन मिळवली. १९५८-५९ ते १९७२-७३, ओळीने पंधरा वर्षं रणजी करंडक एकाच शहरात राहिला.

हे घडलं कसं? ‘मुंबईकडे मोठे खेळाडू होते’ हे नेहमीचं उत्तर १९७०-७१ च्या हंगामाला लागूच पडत नाही. म्हणून तर तो हंगाम समजून घेण्यासारखा आहे.

पंधरा म्हणजे नेमके किती?

जगातल्या मोठ्या संघांशी तुलना केली की हा आकडा नीट कळतो. बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य संघाने १९४९ ते १९५३ अशी सलग पाच वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकली. बास्केटबॉलमध्ये बोस्टन सेल्टिक्सने १९५९ ते १९६६ अशी आठ अजिंक्यपदं मिळवली. इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटमध्ये सरेने १९५२ पासून सलग सात वर्षं बाजी मारली, तर ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने शेफील्ड शील्ड १९५३-५४ पासून नऊ हंगाम कुणाच्या हाती लागू दिली नाही. मुंबईचे पंधरा या सगळ्यांच्या पुढे आहेत.

आता थोडा हिशेब करू. समजा एखादा संघ इतका भारी आहे की दर वर्षी करंडक जिंकण्याची त्याची शक्यता ८० टक्के. ही फार मोठी शक्यता झाली. तरी पंधरा वर्षं ओळीने जिंकण्याची त्याची शक्यता शंभरात साडेतीनच उरते, कारण पंधरा वेळा ०.८ घेऊन त्यांचा गुणाकार करावा लागतो. दर वर्षीची शक्यता ९० टक्के धरली तरी पंधरा वर्षांची शक्यता वीस टक्क्यांच्या जेमतेम वर जाते.

वर्षाचे ते ९० टक्के तरी सोपे कुठे आहेत? बाद फेरीत तीन सामने धरले तर प्रत्येक सामन्यात पुढे जाण्याची शक्यता साडेशहाण्णव टक्क्यांच्या आसपास असावी लागते. याचा अर्थ, कुणी जायबंदी झालं, कुणी भारताच्या दौऱ्यावर गेलं, कुणाचा सूर हरवला, तरी संघाची ताकद फारशी खाली येता कामा नये. पाच-सहा थोर खेळाडूंच्या जोरावर हे जमत नाही. त्यांची जागा घेणारे दुसरे पाच-सहा जण तितक्याच तयारीने बाहेर उभे असले तरच जमतं. मुंबईचं गुपित अकरा जणांत शोधून सापडणार नाही, ते बाराव्यापासून तिसाव्यापर्यंतच्या खेळाडूंमध्ये आहे.

शेजाऱ्यांची अंतिम लढत त्याच वर्षी कशी?

स्पर्धेची रचना इथे थोडक्यात सांगायला हवी. देश पाच विभागांत वाटलेला होता. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. १९५७-५८ पासून विभागातले संघ आपसात साखळी सामने खेळत आणि पहिला येणारा संघच बाद फेरीत जाई. त्यामुळे मुंबई आणि महाराष्ट्र यांची अंतिम फेरीत गाठ पडणं शक्यच नव्हतं. दोघांपैकी एक विभागातच अडकणार, आणि तो बहुतेकदा महाराष्ट्र असे.

१९७०-७१ मध्ये नियम बदलला. प्रत्येक विभागातले पहिले दोन संघ पुढे जाऊ लागले, म्हणजे बाद फेरीत दहा संघ. बदलाच्या पहिल्याच वर्षी पश्चिम विभागातले दोघेही थेट शेवटपर्यंत पोहोचले. हा योगायोग वाटतो, पण त्यावरून विभागाची ताकद कळते. भारतातलं उत्तम क्रिकेट एका कोपऱ्यात किती दाटलं होतं हे जुन्या रचनेत झाकून राहिलं होतं.

 

चाळणीवर चाळणी

राखीव खेळाडू असे तयार कसे होत? सुगरण पीठ आधी मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढते, मग बारीक चाळणीतून, आणि प्रत्येक चाळणी निराळा कचरा अडवते. मुंबईच्या क्रिकेटमध्ये अशा तीन-चार चाळण्या एकाखाली एक लावलेल्या होत्या, आणि त्यांतली प्रत्येक वेगळी उणीव शोधून काढायची.

पहिली चाळणी शाळेची. लहान मुलांसाठी जाइल्स शील्ड, मोठ्यांसाठी हॅरिस शील्ड. या स्पर्धांचं वैशिष्ट्य म्हणजे सामने अनेक दिवस चालत. चौदा वर्षांचा मुलगा दिवसभर फलंदाजी करायला शिकायचा. फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी आझाद मैदानावर ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. ती हॅरिस शील्डची उपांत्य लढत होती. ज्या वयात इतरत्र मुलं वीस षटकांचे सामने खेळतात, त्या वयात मुंबईच्या मुलाला एकाग्रतेची परीक्षा द्यावी लागे. ज्याचं लक्ष उडतं, तो इथेच गळायचा.

दुसरी चाळणी कांगा लीगची, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळली जाते. खेळपट्टीवर आच्छादन नाही, मैदानावर गवत वाढलेलं, चेंडू ओला. एका दिवसात सामना.

अशा खेळपट्टीवर काय होतं ते पाहू. पावसात माती मऊ होते. मग दोन तास ऊन पडलं की वरचा पापुद्रा सुकतो, खाली मात्र ओल असते. चेंडू पडला की तो पापुद्रा फुटतो. कधी चेंडू मातीत रुततो आणि थांबून येतो, कधी कडेला आपटून उसळतो, कधी घसरत खाली राहतो. टप्पा एकच, पण परिणाम तीन. फलंदाजाने आधीच फटका ठरवला असेल तर तो संपलाच. जगायचं असेल तर चेंडू शेवटपर्यंत पाहायचा, हात सैल ठेवायचे, बॅट शरीराजवळ ठेवून उशिरा खेळायचं. त्यात उंच गवतामुळे जमिनीलगतचा फटका सीमेपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून एकेक धाव पळून काढायची. कांगा लीगमधल्या तीस धावांना कोरड्या खेळपट्टीवरच्या शतकाचा मान मिळतो तो यामुळेच. तंत्रात खोट असलेला फलंदाज या चाळणीतून पार होऊच शकत नाही. आणि उरलेल्या देशात जेव्हा बॅटी माळ्यावर पडलेल्या असत, तेव्हा मुंबईत शेकडो क्लब-खेळाडू दर रविवारी चिखलात उतरत.

तिसरी चाळणी क्लबांच्या वैराची. माटुंग्याच्या दडकर मैदानावरची दादर युनियन आणि तिथून हाकेच्या अंतरावरचं शिवाजी पार्क जिमखाना. एकीकडे माधव मंत्री, नरेन ताम्हाणे, वासू परांजपे, गावसकर. दुसरीकडे विजय मांजरेकर, वाडेकर, रमाकांत देसाई, पद्माकर शिवलकर. यांच्या लढतीला क्लबचा सामना म्हणणं केवळ नियमापुरतं. विशीतल्या पोराला समोर कसोटीपटू गोलंदाज मिळायचा आणि यष्टीमागून कसोटीपटूच त्याचे पाय बघत असायचा. सतरा वर्षांचा मुलगा एका रविवारी जे शिकायचा, ते दुसऱ्या प्रांतात शिकायला वर्षं लागत. गावसकरांच्या लहानपणची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मामा माधव मंत्री यांच्या कपाटातला भारताचा स्वेटर त्यांनी मागितला, तेव्हा मंत्रींनी सांगितलं की तो कमवावा लागतो. त्या घरातली ती शिस्त साऱ्या मैदानाची होती.

या सगळ्याला भूगोलाची साथ होती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क, माटुंगा ही सगळी मैदानं लोकलने एकमेकांना बांधलेली. एका आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या; एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला पाठ लावून उभा. निवड समितीतल्या माणसाला एका दुपारी दहा सामने बघता येत. महाराष्ट्राच्या संघाची हद्द मात्र जळगावपासून कोल्हापूरपर्यंत आणि सोलापूरपासून रत्नागिरीपर्यंत पसरलेली. तिथेही गुणी मुलं होती. या संघाने प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी दोनदा रणजी जिंकली होती, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चंदू बोर्डे यांच्यासारखा खेळाडू त्यांच्याकडे होता. पण ती मुलं दर आठवड्याला एकमेकांशी भिडू शकत नव्हती. अंतर हाच त्यांचा मोठा प्रतिस्पर्धी होता.

पगार कोण देत होतं?

त्या काळात रणजी खेळून घर चालत नसे. मग तीस-पस्तिशीचा संसारी माणूस, ज्याला भारताच्या संघात जागा मिळण्याची आशा नाही, तो कशाच्या आधारावर खेळत राहायचा?

याचं उत्तर टाइम्स शील्डमध्ये आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेली ही कार्यालयांमधली स्पर्धा. बँका, रेल्वे, सिमेंट कंपन्या, कापड गिरण्या चांगले खेळाडू नोकरीला घेत. वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉनमध्ये, सोलकर मफतलालमध्ये, बापू नाडकर्णी एसीसीत. खेळाडूला सरावासाठी सवलत, सामन्यासाठी रजा आणि खेळ संपल्यावरही टिकणारी नोकरी मिळे. कंपनीचं नाव वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर येई. दोघांचाही फायदा.

खेळाडूने उमेदीच्या वर्षांत खेळ सोडू नये, एवढंच ही व्यवस्था नीट करत होती, आणि तिचा परिणाम फार खोल गेला. नोकरीच्या भरवशावर अनुभवी माणसं क्लबात टिकून राहिली, म्हणून नव्या मुलांना तोलामोलाचे प्रतिस्पर्धी मिळाले. सोलकर यांचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखत आणि कुटुंब तिथेच झोपडीत राहत असे. त्या मुलाला भारताचा सर्वोत्तम शॉर्टलेग क्षेत्ररक्षक होण्याइतकी वर्षं खेळता आलं, यात त्याच्या जिद्दीइतकाच नोकरीच्या पगाराचाही वाटा आहे असं मला ठामपणे वाटतं. हे कर्तृत्व एकट्या माणसाचं मानलं तर ती व्यवस्था उभी करणाऱ्यांवर अन्याय होतो.

चौकट: १९७०-७१, एकाच वेळी दोन आघाड्या

वेस्ट इंडीजमध्ये: निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने वाडेकर भारताचे कर्णधार झाले. किंग्स्टनला भारत ५ बाद ७५ असताना सरदेसाई यांनी २१२ धावा केल्या, सोलकर यांनी त्यांना ६१ धावांची साथ दिली. मार्च १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला भारत ७ गडी राखून जिंकला आणि मालिका १-० अशी खिशात घातली. गावसकर यांच्या चार कसोटींत ७७४ धावा, सरदेसाई यांच्या ६४२.

मुंबईत: वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर, मांकड नसताना नाईक यांच्या संघाने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवून रणजी राखली.

आधी हरायचं नाही

एक भाग नियमाचाही होता. रणजीचा बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. बाहेरून हा तांत्रिक तपशील वाटतो, पण डावपेच त्यावरच ठरतात.

विरोधी संघाला दोनदा बाद करण्यासाठी वीस बळी लागतात. पहिल्या डावाच्या आघाडीसाठी दहा पुरतात, आणि त्याच्या आधी आपण पाचशे धावा करून ठेवल्या असतील तर समोरच्याला दोन दिवस नुसतं पाठलाग करण्यात घालवावे लागतात. मुंबईची फलंदाजी या नियमाला तंतोतंत बसणारी होती. शतक झालं की बॅट उंचावायची आणि पुन्हा नव्याने गार्ड घ्यायचा. उतावळा फटका मारून बाद झालेला फलंदाज तंबूत परतला की त्याला कुणी सहानुभूती दाखवत नसे. याला मुंबईकर खडूसपणा म्हणतात. तो स्वभाव असेलही, पण त्या नियमामुळे त्या स्वभावाला दर वर्षी बक्षीस मिळत गेलं आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

कर्णधार बदलले तरी ही रीत बदलली नाही. पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी, मनोहर हर्डीकर, वाडेकर, आणि त्या एका वर्षी नाईक.

गर्दीची किंमत

दाराशी एवढी रांग असलेल्या संघात बाहेर राहणाऱ्यांचं काय होत असेल? १९७०-७१ चा विजेता कर्णधार सुधीर नाईक यांचंच उदाहरण घ्या. बडे खेळाडू परतल्यावर त्यांना अंतिम अकरांत जागा राहिली नाही. करंडक जिंकून देणारा माणूस पुन्हा रांगेत उभा राहिला. पुढे १९७४ मध्ये त्यांना भारताची टोपी मिळाली, पण कसोटी सामने तीनच वाट्याला आले. खेळ संपल्यावर त्यांनी नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये मुलं घडवली, श्रीरामपूरहून आलेला झहीर खान हा त्यांच्यातलाच, आणि वानखेडेची खेळपट्टी सांभाळली. २०११ च्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली ती त्यांनीच तयार केलेल्या खेळपट्टीवर.

पद्माकर शिवलकर यांची कहाणी आणखी चटका लावणारी. डावखुरे फिरकीपटू, प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी २० धावांच्याही आत. कसोटी सामना एकही नाही, कारण त्याच काळात त्याच शैलीचे बिशनसिंग बेदी भारताकडे होते. हा आकडा आज वाचताना मला अभिमान वाटतो आणि हळहळही वाटते. २०२५ च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा ज्यांनी त्यांना खेळताना पाहिलं होतं त्या माणसांनी सर्वांत आधी एका सामन्याची आठवण काढली.

तो १९७२-७३ चा अंतिम सामना, मद्रासच्या चेपॉकवर, तमिळनाडूविरुद्ध. खेळपट्टी फिरकीला इतकी साथ देणारी की मुंबईला पहिल्या डावात १५१ आणि दुसऱ्या डावात ११३ धावाच करता आल्या. यजमानांकडे व्यंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार होते, म्हणजे अशी खेळपट्टी त्यांच्याच सोयीची. पण शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. तमिळनाडू ८० आणि ६१. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. मुंबईचे १५१ हा आकडा छोटा दिसतो, पण अशा मातीवर दीडशे धावा काढण्याचा सराव त्यांना दर पावसाळ्यात होत होता.

साखळी तुटली ती कशी

पुढच्याच हंगामात, १९७३-७४ मध्ये, बंगळुरूला उपांत्य फेरीत कर्नाटकाने मुंबईला अडवलं. तोवर इतर प्रांतांतही बँका आणि सरकारी कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देऊ लागल्या होत्या. कर्नाटकाकडे गुंडप्पा विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांच्यासारखे फलंदाज होते, आणि प्रसन्ना व चंद्रशेखर ही फिरकी जोडी एकाच संघात होती. मुंबईकडे पूर्ण ताकदीचा संघ होता. गावसकर यांचा प्रसन्ना यांनी त्रिफळा उडवला, वाडेकर जम बसलेला असताना धावबाद झाले. सामना अनिर्णित राहिला आणि कर्नाटक पुढे गेलं ते पहिल्या डावातल्या आघाडीवर, ज्या नियमाच्या आधारे मुंबईने पंधरा वर्षं इतरांना घरी पाठवलं होतं त्याच नियमाने. अंतिम सामन्यात जयपूरला राजस्थानला हरवून कर्नाटकाने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. पुढच्या वर्षी अंतिम फेरीत मुंबई आणि कर्नाटक पुन्हा समोरासमोर आले, आणि तेव्हा मुंबई जिंकली.